एमआरआय, सीटी आणि पेट : एकाच मेंदूचे स्कॅन आपोआप जुळवताना

प्रश्न थोडक्यात असा : एकाच रुग्णाचा टी१ एमआरआय (मेंदूची रचना दाखवणारा नेहमीचा एमआर), डोक्याचा सीटी आणि एफडीजी पेट (ग्लुकोजसारख्या किरणोत्सारी पदार्थाने घेतलेला स्कॅन) वेगवेगळ्या यंत्रांवर, वेगवेगळ्या दिवशी काढलेले आहेत. हाताने खुणा न लावता ते एकमेकांवर बसवायचे आहेत. तयार सॉफ्टवेअर डीफॉल्ट सेटिंगवर चालवले की काही रुग्णांत नीट जुळते, काहींत डोके तिरके बसते, आणि एखाद्यात पेट चक्क उलटा होतो. मग अल्गोरिदम बदलावा का? डीप लर्निंगकडे जावे का?

माझे उत्तर : आधी अल्गोरिदमला हात लावू नका. एकाच माणसाच्या डोक्याची रिजिड जुळवणी, म्हणजे तीन दिशांना सरकवणे आणि तीन अक्षांभोवती फिरवणे, हे काम जुन्या पद्धती आजही उत्तम करतात. बिघाड बहुतेक वेळा त्याआधीच झालेला असतो. हेडरमधली, म्हणजे फाइलच्या सुरुवातीच्या माहितीतली, भूमिती चुकीची असते, सीटीमध्ये टेबल आणि मान तशीच राहिलेली असते, किंवा सुरुवातीची स्थिती इतकी लांब असते की शोध भलत्याच ठिकाणी जाऊन थांबतो. दुसरी मोठी उणीव तपासणीत असते. पडद्यावर दोन चित्रे एकमेकांवर टाकून ‘बरे दिसते’ म्हणणे पुरेसे नाही. चूक किती मिलिमीटर आहे आणि मेंदूच्या कोणत्या भागात आहे, हे सांगता आले पाहिजे.

आतमध्ये नेमके काय चालते

सीटीत कवटीचे हाड पांढरेशुभ्र असते, एमआरमध्ये तेच काळे. हवा दोन्हीकडे काळी. पेटमध्ये तर रचना दिसतच नाही, दिसतो तो ग्लुकोजचा वापर. त्यामुळे दोन चित्रांची वजाबाकी करून किंवा साधा सहसंबंध काढून जुळवणी होत नाही. १९८९ मध्ये पेलिझारी आणि चेन यांनी डोक्याचा बाह्य पृष्ठभाग टोपीसारखा बसवण्याची पद्धत मांडली. १९९३ मध्ये रॉजर वुड्स यांनी एमआरमधल्या एकाच तीव्रतेच्या व्हॉक्सेलांना (त्रिमितीय चित्राच्या ठिपक्यांना) पेटमध्येही जवळपास एकच मूल्य असावे, असे गृहीत धरले. ती पद्धत चालायची, पण एमआरमधून टाळू आणि कवटी आधी काढून टाकावी लागत असे. १९९५च्या सुमारास एमआयटीत पॉल व्हायोला आणि विल्यम वेल्स यांनी, आणि त्याच काळात बेल्जियममध्ये लव्हन इथे आंद्रे कोलिन्यों, फ्रेडरिक मास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्युच्युअल इन्फर्मेशन, म्हणजे एका चित्रावरून दुसऱ्याबद्दल किती कळते याचे माप, वापरले, आणि चित्र पालटले.

पद्धतीचा गाभा संयुक्त हिस्टोग्राममध्ये आहे. आडव्या अक्षावर एमआरची तीव्रता, उभ्यावर सीटीची, आणि प्रत्येक चौकटीत त्या जोडीचे व्हॉक्सेल किती ते मोजायचे. डोकी जुळलेली असतील तर हिस्टोग्राममध्ये घट्ट पुंजके दिसतात : हाडाचा, मेंदूचा, पाण्याचा, हवेचा. सरकली की पुंजके पसरतात. पहिल्या चित्राची एन्ट्रॉपी (तीव्रता किती विखुरलेल्या आहेत याचे माप) अधिक दुसऱ्याची एन्ट्रॉपी वजा संयुक्त एन्ट्रॉपी म्हणजे म्युच्युअल इन्फर्मेशन, आणि ते जास्तीत जास्त करायचे. पांढरे कशाशी जुळते आणि काळे कशाशी, हे आधी सांगावे लागत नाही, हीच तिची ताकद. तिचा कमकुवतपणा असा की दोन चित्रे किती भागात एकमेकांवर आहेत, यानुसारही आकडा बदलतो. मान कापलेला एमआर आणि खांद्यापर्यंतचा सीटी असेल तर हा दोष उफाळून येतो. स्टडहोम, हिल आणि हॉक्स यांनी १९९९ मध्ये मांडलेली नॉर्मलाइज्ड आवृत्ती वजाबाकीऐवजी भागाकार करते. तिचे मूल्य १ ते २ या दरम्यान राहते आणि सामाईक भाग कमी-जास्त झाला तरी ती फारशी डगमगत नाही. मेंदूच्या बहुयंत्रीय जुळवणीसाठी मी डोळे झाकून हीच निवडते.

आधी भूमिती

डायकॉम फाइलमध्ये, म्हणजे यंत्राकडून मिळणाऱ्या फाइलमध्ये, रुग्णाचा अक्ष डावीकडे, पाठीकडे आणि डोक्याकडे वाढतो. निफ्टी या संशोधनातल्या फाइल-प्रकारात तो उजवीकडे, पुढे आणि डोक्याकडे वाढतो. रूपांतर करताना पहिल्या दोन अक्षांची चिन्हे उलटतात. हे रूपांतरक सॉफ्टवेअर बरोबर करते. गोंधळ होतो तो मधल्या पायरीवर कुणी स्थान-दिशा सांगणारा मॅट्रिक्स हाताने दुरुस्त केला, जुन्या ॲनालाइझ फॉरमॅटमधून फाइल आणली, किंवा पिक्सेलची ॲरे वाचून हेडरशिवाय परत साठवली, की. डावे-उजवे उलटणे ही या क्षेत्रातली सर्वांत धोकादायक चूक आहे, कारण मेंदू जवळजवळ सममित असतो. उलटलेला स्कॅनही रिजिड जुळवणीत झकास बसतो आणि सगळे ठीक असल्यासारखे दिसते. म्हणून प्रत्येक नव्या यंत्राकडून डेटा येऊ लागला की एकदा तरी डोक्याच्या एका बाजूला ‘ई’ जीवनसत्त्वाची कॅप्सूल चिकटवून टी१ काढून घ्यावा. ती चमकदार दिसते आणि बाजूबद्दल शंका राहत नाही. जुन्या डेटात अशी सोय नसेल तर सायनसची असमान रचना, एखादे कॅल्सिफिकेशन, जुनी शस्त्रक्रिया यांवरून बाजू पडताळा. दृश्यपटावर डावी बाजू डावीकडे दिसते की उजवीकडे, हे प्रत्येक सॉफ्टवेअर आपल्या मताने ठरवते. त्यावर बाजू ठरवू नका.

दुसरी गोष्ट गँट्री टिल्ट, म्हणजे सीटीच्या गोल चौकटीचा कल. डोक्याच्या सीटीत डोळ्यांच्या भिंगाला किरण कमी लागावेत म्हणून गँट्री कलती ठेवून स्लाइस घेण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. स्लाइस तिरकी, पण टेबल मात्र आडवे सरकते. म्हणजे स्लाइसांची चवड काटकोनी राहत नाही, ती ढकललेल्या पत्त्यांच्या कॅटसारखी घसरलेली असते. सॉफ्टवेअरने ती काटकोनी समजून वाचली तर १५ अंशांच्या टिल्टला १५० मि.मी. उंचीत सुमारे ४० मि.मी. घसरण येते. रिजिड जुळवणी हे कधीच दुरुस्त करू शकत नाही. बारा मापदंडांची अफाइन जुळवणी (सरकवणे-फिरवणे यांखेरीज माप बदलू आणि तिरके ताणू देणारी) ते अर्धेमुर्धे लपवते, आणि म्हणूनच ती आणखी वाईट. डीसीएम-टू-एनआयआयएक्स हा रूपांतरक टिल्ट ओळखून सुधारलेली वेगळी फाइल देतो. तिच्या नावात ‘टिल्ट’ येते. स्लाइसमधले अंतर सगळीकडे सारखे नसेल, उदाहरणार्थ तळाशी पातळ आणि वर जाड, तर समान अंतराची आणखी एक फाइल मिळते. पुढच्या कामाला याच सुधारलेल्या फाइली घ्या. एकाच रुग्णाच्या फोल्डरमध्ये मूळ आणि सुधारलेली दोन्ही पडलेली असतात, आणि स्क्रिप्ट नावाच्या क्रमाने पहिली उचलते. ‘काही रुग्णांत डोके तिरके’ या तक्रारीमागे मी सर्वांत आधी हेच पाहीन.

निफ्टीत क्यू-फॉर्म आणि एस-फॉर्म असे दोन मॅट्रिक्स असतात. दोन्ही वेगळे असतील तर एक सॉफ्टवेअर एक वाचते, दुसरे दुसरा. जुळवणीआधी दोन्ही सारखे आहेत का, ते तपासणारी एक ओळ स्क्रिप्टमध्ये असावी.

एमआरची स्वतःची विकृती वेगळी. ग्रेडियंट कॉइलचे क्षेत्र मध्यापासून लांब गेल्यावर सरळ राहत नाही, आणि दृश्यक्षेत्राच्या कडेला काही मिलिमीटरांची चूक होऊ शकते. यंत्रावरची त्रिमितीय विकृती-सुधारणा चालू ठेवून पुनर्रचना केलेली मालिकाच मागा. फक्त द्विमितीय सुधारणा केलेल्या मालिकेत स्लाइसला लंब असलेल्या दिशेची चूक तशीच राहते. शिवाय चरबीचे सिग्नल पाण्यापेक्षा ३.५ पीपीएमने सरकलेले असतात : ३ टेस्लावर सुमारे ४४० हर्ट्झ. प्रतिपिक्सेल बँडविड्थ २०० हर्ट्झ ठेवली तर टाळूची आणि अस्थिमज्जेची चरबी रीडआउटच्या दिशेने दोन पिक्सेलांहून जास्त सरकते. सीटीत कवटी जागच्या जागी असते. मग अल्गोरिदम सरकलेल्या चरबीच्या मागे जातो आणि सगळा मेंदू अर्धा-एक मिलिमीटर ओढला जातो. शस्त्रक्रियेच्या नियोजनासाठी एमआर घेणार असाल तर बँडविड्थ जास्त ठेवायला सांगा. सिग्नल थोडा खडबडीत होईल, पण भूमिती खरी राहील.

स्कॅनची तयारी

सीटीसाठी पातळ स्लाइस, शक्यतो १ मि.मी., आणि सौम्य ऊतींचा कर्नल (चित्र तयार करतानाची गाळणी) घ्या. हाडाच्या कर्नलमध्ये कडा तीक्ष्ण दिसतात, पण मेंदूच्या भागात नॉइज इतका असतो की हिस्टोग्रामचे पुंजके विरघळतात. टेबल आणि डोक्याचा आधार काढून टाका : उणे ३०० एचयूवर (हाऊन्सफिल्ड युनिट, सीटीच्या तीव्रतेचे एकक) थ्रेशोल्ड लावा, सर्वांत मोठा जोडलेला भाग ठेवा, आतली पोकळी भरा. डोके आधाराला टेकलेले असते, तिथे दोन्ही भाग एकमेकांना चिकटतात. तेव्हा एक-दोन व्हॉक्सेलांचे इरोजन (कडा आत खाणे) करून मग जोडणी पाहावी आणि नंतर तेवढेच डायलेशन (कडा बाहेर फुगवणे) द्यावे. तीव्रता उणे १०२४ ते ३०७१ अशी पूर्ण ठेवली आणि त्याचे ३२ बिन (हिस्टोग्रामचे कप्पे) केले तर एका बिनमध्ये सुमारे १२८ एचयू मावतात, म्हणजे पाणी, राखाडी आणि पांढरा भाग असा सगळा मेंदू एकाच बिनमध्ये गडप होतो. सीटी-एमआरसाठी उणे २०० ते १००० च्या आसपास छाटा. एका बिनला सुमारे ३७ एचयू येतात, हाडाची कडाही राहते. दातांतली धातू, इलेक्ट्रोड, क्लिप यांचा प्रभावही या छाटणीने आवरतो.

मान आणि खालचा जबडा कापा. ते दोन स्कॅनमध्ये वेगळ्या स्थितीत असतात, रिजिड नसतात, आणि तरीही त्यांत भरपूर कडा असतात. एफएसएल या मेंदूच्या चित्रांच्या सॉफ्टवेअर-संचातले रोबस्ट-एफओव्ही माथ्यापासून खाली १७० मि.मी. ठेवून बाकी कापते. बहुतेक प्रौढांना ते पुरते. डोळेही हलतात, त्यामुळे मास्कमधून, म्हणजे जुळवणीत धरायच्या भागातून, वगळलेले बरे.

एमआरमध्ये कॉइलमुळे एका बाजूला उजळ, दुसरीकडे मंद असा उतार असतो. एकाच पांढऱ्या भागाची दोन-तीन वेगळी मूल्ये होतात आणि पुंजके ताणले जातात. २०१०चा एन४ हा अल्गोरिदम यासाठी पुरेसा आहे. कवटी काढावी की नाही? सीटी-एमआरमध्ये काढू नका, कवटीची आतली कडा हीच उत्तम खूण आहे. पेट-एमआरमध्ये मात्र एमआरचा मेंदू वेगळा काढून, मास्क ५ ते १० मि.मी. फुगवून घेतला तर फायदा होतो, कारण एफडीजीत टाळू जेमतेम दिसते पण डोळ्यांचे स्नायू आणि लाळग्रंथी चमकतात. मास्क मेंदूच्या कडेवरच कापला तर मेंदू आणि बाहेरची जागा यांमधला फरक नाहीसा होतो, जो जुळवणीला हवा असतो. म्हणून फुगवणे आवश्यक.

पेट अनेक फ्रेममध्ये घेतला असेल तर फ्रेम आधी आपापसांत जुळवा, मग सरासरी काढा. वीस-तीस मिनिटांत रुग्ण हलतोच, आणि हललेल्या फ्रेमची सरासरी एमआरशी कितीही छान जुळवली तरी चित्र पुसटच राहते. ॲमिलॉइड किंवा टाऊ (अल्झायमरमध्ये साचणारी प्रथिने) दाखवणाऱ्या ट्रेसरचे उशिराचे फ्रेम एमआरशी जुळवणे अवघड जाते, कारण राखाडी आणि पांढऱ्या भागातले नेहमीचे नाते तिथे रुग्णागणिक बदलते. सुरुवातीचे काही मिनिटांचे फ्रेम रक्तप्रवाहासारखे दिसतात. ते असतील तर त्यांवरून ट्रान्सफॉर्म (सरकवण्या-फिरवण्याचे गणित) काढून उशिराच्या फ्रेमना लावा, अर्थात आधी दोन्ही आपापसांत जुळवून. पेटसोबत घेतलेला ॲटेन्युएशनचा (शरीरात शोषल्या जाणाऱ्या किरणांची भरपाई करण्यासाठीचा) सीटी पूल म्हणून वापरायचा मोह होतो. तो वापरता येतो, पण पेट आणि त्या सीटीच्या मध्ये रुग्ण हलला नाही याची खात्री करूनच. एकाच टेबलावर काढले, म्हणजे जुळलेले, असे नाही. शिवाय अशा हालचालीने ॲटेन्युएशनची दुरुस्तीही बिघडलेली असते, आणि ती पुढच्या कोणत्याही जुळवणीने सुधारत नाही.

चेहरा पुसून गोपनीयता राखायची असेल तर ती पायरी जुळवणीनंतर ठेवा. एका स्कॅनमध्ये नाक आहे आणि दुसऱ्यात नाही, ही अल्गोरिदमसाठी खरी विसंगती असते.

सेटिंग

सुरुवातीची स्थिती वस्तुमानकेंद्रावरून ठरवायची की हेडरवरून? पूर्ण डोक्याचे, टेबल आणि मान काढलेले स्कॅन असतील तर केंद्रावरून. एखादा स्कॅन फक्त पट्टी असेल, उदाहरणार्थ हिप्पोकॅम्पसवर घेतलेला टी२, तर केंद्र जुळवणे घातक ठरते, कारण पट्टीचे केंद्र आणि डोक्याचे केंद्र वेगळे असते. तिथे त्याच सत्रातला पूर्ण टी१ घ्या, हेडरवरून सुरुवात करा आणि शोध ५ ते १० अंशांत बांधा. वेगवेगळ्या यंत्रांवरच्या स्कॅनसाठी हेडरच्या स्थानाला अर्थ नसतो, तेव्हा विस्तृत शोध लागतो. फ्लर्ट (एफएसएलमधला जुळवणीचा प्रोग्रॅम) डीफॉल्टने उणे ९० ते अधिक ९० अंश शोधतो. दोन्ही स्कॅन पाठीवर झोपवून घेतले आहेत हे माहीत असेल तर ही मर्यादा ३० ते ४५ अंशांवर आणा. पेट उलटा बसण्याचे प्रकार यानेच जवळजवळ संपतात, कारण एफडीजीचा धूसर मेंदू उलटा ठेवला तरी अंडाकृती आकार बऱ्यापैकी जुळतो आणि शोधाला तिथे खोटे शिखर सापडते.

फ्लर्टची आणखी एक डीफॉल्ट : तो बारा मापदंडांची अफाइन जुळवणी करतो. एकाच रुग्णासाठी सहा द्यायलाच हवेत. त्याचे मूळ कॉस्ट फंक्शन (जुळणी किती चांगली ते मोजणारे सूत्र) कोरिलेशन रेशो आहे. एकाच यंत्रावरच्या टी१-टी२ साठी ते चांगले चालते. सीटी आणि पेटसाठी नॉर्मलाइज्ड म्युच्युअल इन्फर्मेशन निवडा. एसपीएम या दुसऱ्या सॉफ्टवेअरची कोरजिस्टर पायरी डीफॉल्टने तेच वापरते आणि नमुने आधी ४, मग २ मि.मी. अंतराने घेते. पेटसाठी ते तसेच ठेवायला हरकत नाही.

एएनटीएस हे जुळवणीचे सॉफ्टवेअर वापरत असाल तर रिजिड पायरीसाठी ही चौकट भरवशाची आहे : म्युच्युअल इन्फर्मेशन, ३२ बिन, नियमित नमुने २५ टक्के, ग्रेडियंट पाऊल ०.१, चार पातळ्या ८, ४, २ आणि १ पट लहान केलेल्या, त्यांवर गुळगुळीतपणा ३, २, १ आणि ० व्हॉक्सेल, पुनरावृत्ती १०००, ५००, २५० आणि १००. बिन वाढवून अचूकता वाढत नाही. हिशेब करून पाहा. डोक्याची पेटी साधारण १८० × २२० × २०० मि.मी.ची असते. ८ मि.मी.च्या पातळीवर तिच्यात सुमारे १५ हजार व्हॉक्सेल उरतात. २५६ बिन घेतले तर संयुक्त हिस्टोग्राममध्ये ६५,५३६ चौकटी होतात. बहुतेक रिकाम्या राहतात आणि एन्ट्रॉपीचा अंदाज निव्वळ गोंगाट होतो. ३२ बिनना १,०२४ चौकटी, प्रत्येकीला सरासरी पंधरा व्हॉक्सेल. यातून काहीतरी शिकता येते. याच कारणाने त्या पातळीवर नमुने २५ टक्क्यांऐवजी सगळे घेतले तरी वेळ वाढत नाही आणि स्थैर्य येते.

स्वतः कोड लिहीत असाल तर दोन गोष्टी विसरू नका. फिरण्याचे केंद्र डोक्याच्या मध्यावर ठेवा, निर्देशांकांच्या शून्यावर नाही. शून्य डोक्यापासून शंभर-दोनशे मिलिमीटर लांब असू शकते, मग छोटासा कोनही डोके दूर फेकतो आणि कोन-सरकणे एकमेकांत गुंततात. आणि मापदंडांची पट्टी बसवा : ०.०१ रेडियनने मेंदूची कडा सुमारे १ मि.मी. हलते, तर सरकण्यातल्या ०.०१ ने ०.०१ मि.मी.च. ऑप्टिमायझरला हा शंभरपटीचा फरक सांगितला नाही तर तो कोनात झुलत राहतो आणि सरकण्यात जागचा हलत नाही. आयटीके या प्रोग्रॅमिंग-संग्रहात भौतिक सरकण्यावरून ही पट्टी काढण्याची सोय आहे, तीच वापरा. दोन्ही स्कॅनचे व्हॉक्सेल अगदी सारख्या मापाचे असतील तर ग्रिड एकमेकांवर बसते त्या स्थितींत इंटरपोलेशनमुळे खोटी टोके तयार होतात. नमुन्यांच्या जागा थोड्या यादृच्छिक हलवल्या की ती जातात.

अफाइन आणि नॉन-लिनिअर कधी

एकाच माणसाचे डोके दोन यंत्रांत वेगळ्या मापाचे असत नाही. तरीही नऊ मापदंडांची, म्हणजे मापबदल धरून केलेली जुळवणी निदान म्हणून एकदा चालवावी. कोणत्याही अक्षावर मापबदल १ टक्क्याहून जास्त आला, तर १८० मि.मी. लांबीच्या मेंदूत जवळपास २ मि.मी.चा फरक पडतो. कारण शोधा : व्हॉक्सेलचे माप चुकले, विकृती-सुधारणा बंद होती, की ग्रेडियंटचे कॅलिब्रेशन सरकले? निदान झाले की परत सहावर या. मापबदलाची जुळवणी अंतिम म्हणून ठेवू नका.

नॉन-लिनिअर, म्हणजे जागोजागी वेगळे ताणणारी, जुळवणी वेगळ्या कामासाठी आहे : मेंदू टेम्प्लेटवर, म्हणजे सामाईक नमुना-मेंदूवर, नेण्यासाठी. २००९ मध्ये आर्नो क्लाइन आणि सहकाऱ्यांनी चौदा नॉन-लिनिअर अल्गोरिदम तपासले, त्यांत एएनटीएसचा सिन हा आघाडीवर होता. पण ती तुलना वेगवेगळ्या माणसांच्या टी१ची होती. एकाच रुग्णाच्या सीटी-एमआरवर तेच चालवले तर गाठीची कडा, सूज, रक्तस्राव अशा एका स्कॅनमध्ये दिसणाऱ्या आणि दुसऱ्यात न दिसणाऱ्या गोष्टी ताणून-दाबून ‘जुळवल्या’ जातात. आकडा सुधारतो, सत्य बिघडते. अपवाद एको-प्लॅनर, म्हणजे अतिवेगवान एमआर, स्कॅनचा. एफएमआरआय आणि डिफ्यूजनमध्ये सायनस आणि कानाजवळ फेज-एन्कोडिंगच्या दिशेने खरीखुरी ओढाताण होते. तिथे आधी उलट फेज-एन्कोडिंगची जोडी घेऊन एफएसएलमधल्या टॉपअपने सुधारणा करावी. मग टी१शी जोडताना ग्रेव्ह आणि फिशल यांची २००९ची सीमाधारित पद्धत, जी पांढऱ्या भागाच्या कडेवरचा तीव्रतेचा उतार पाहते, म्युच्युअल इन्फर्मेशनपेक्षा सरस ठरते.

डीप लर्निंगबद्दल : २०१९च्या व्हॉक्सेलमॉर्फ या मॉडेलनंतर हे क्षेत्र झपाट्याने पुढे गेले, आणि सिंथमॉर्फसारखी मॉडेल कृत्रिम तीव्रतेच्या चित्रांवर शिकवलेली असल्याने कोणत्याही कॉन्ट्रास्टला धजतात. वेग सेकंदांचा आहे आणि सुरुवातीची स्थिती लांब असली तरी ती सहसा गडबडत नाहीत. त्यामुळे सुरुवातीचा अंदाज त्यांच्याकडून घ्या आणि शेवटची मिलिमीटरखालची बसवणूक म्युच्युअल इन्फर्मेशनने करा, ही जोडी मला आज सर्वांत योग्य वाटते. टिल्टची घसरण मात्र कोणतेही मॉडेल तुम्हाला सांगणार नाही.

जुळले हे कसे ओळखायचे

कॉस्टचा आकडा दोन रुग्णांत तुलना करण्याजोगा नसतो. तो बिन, मास्क, नॉइज यांवर ठरतो. वास्तवाशी तुलना कशी करावी हे व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या जे. मायकेल फिट्झपॅट्रिक यांच्या गटाने १९९७च्या प्रकल्पात दाखवले. रुग्णांच्या कवटीत बसवलेल्या खुणांवरून खरी जुळवणी काढली, चित्रांतून खुणा पुसल्या आणि ते स्कॅन जगभरच्या गटांना दिले. त्याच गटाचा एक निष्कर्ष सगळ्यांनी मनावर कोरून ठेवावा : खुणा एकमेकांवर किती जवळ बसल्या, यावरून लक्ष्यस्थळी चूक किती आहे ते त्या रुग्णापुरते कळत नाही.

तुमच्याकडे कवटीतल्या खुणा नसतात. म्हणून शारीरिक खुणा घ्या, ज्या दोन्ही स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतात : दोन्ही बाजूंचे अंतर्गत श्रवणमार्ग, सेला टर्सिकाच्या कडा, चौथे व्हेंट्रिकल, पार्श्व व्हेंट्रिकलची पुढची टोके, कॅल्सिफाइड पिनियल असेल तर ती, आणि माथ्याजवळ कवटीची आतली कडा. पाच ते आठ खुणा दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे लावाव्यात. खुणा लावण्याची स्वतःचीच चूक एक-दोन मि.मी. असते, त्यामुळे त्याहून बारीक दावा या पद्धतीने करता येत नाही. खुणा मध्यभागी गोळा करू नका. १ अंश फिरण्याची चूक मध्यावर शून्य दिसते, आणि ८० मि.मी. लांबच्या कॉर्टेक्सवर १.४ मि.मी. होते.

डोळ्यांनी पाहताना रंगीत पारदर्शक थर फसवा असतो. एमआरच्या कडा रेषेच्या रूपात काढून सीटीवर टाका, आणि तिन्ही प्रतलांत पाहा. फक्त आडव्या प्रतलात पाहिले तर मान वर-खाली झुकण्याची चूक हमखास निसटते. ती उभ्या मध्यप्रतलात, कवटीच्या तळाशी आणि टेंटोरियमवर दिसते.

शेकडो रुग्ण असतील तर माणूस प्रत्येकाकडे बघू शकत नाही. तेव्हा यंत्राकडूनच दोन परीक्षा घ्या. पहिली : सुरुवात ±१० मि.मी. आणि ±१० अंशांत यादृच्छिक हलवून जुळवणी वीस वेळा चालवा आणि मेंदूच्या पेटीच्या आठ कोपऱ्यांचे विखुरणे मोजा. सीटी-एमआरमध्ये ते अर्ध्या मिलिमीटरच्या आत असायला हवे. दुसरी : एमआर ते सीटी, सीटी ते पेट, पेट ते एमआर असे वर्तुळ पूर्ण करा. तिन्ही ट्रान्सफॉर्मचा गुणाकार आयडेंटिटीच्या, म्हणजे ‘काहीच न हलवण्याच्या’, जवळ आला पाहिजे. किती जवळ, तेही कोपऱ्यांच्या मिलिमीटरांत सांगा. या परीक्षा स्थैर्य दाखवतात, अचूकता नाही. टिल्ट चुकलेला स्कॅन वीसही वेळा तंतोतंत त्याच चुकीच्या जागी बसेल. त्या परीक्षांतून निवडलेले संशयित रुग्ण, आणि त्यांखेरीज यादृच्छिक निवडलेले काही, माणसाने पाहावेत.

अपेक्षा वास्तववादी ठेवा. चांगल्या सीटी-एमआरमध्ये चूक एक मिलिमीटरच्या आसपास, पेट-एमआरमध्ये दोन-तीन मिलिमीटर. पेटचे रिझोल्यूशन ४ ते ६ मि.मी. असले तरी त्याची जुळवणी त्याहून बारीक होऊ शकते, कारण ती एका कडेवर नाही तर हजारो व्हॉक्सेलांवर आधारलेली असते. रेडिओथेरपीसाठी एएपीएम या अमेरिकन वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या टास्क ग्रुप १३२ने २०१७ मध्ये दिलेली मार्गदर्शक तत्त्वे मर्यादा ठरवताना हाताशी असू द्या.

ट्रान्सफॉर्म लावताना

आयटीकेवर आधारलेल्या साधनांत साठवलेला ट्रान्सफॉर्म स्थिर स्कॅनमधला बिंदू हलत्या स्कॅनमध्ये नेतो. चित्र हलते ते उलट दिशेने. चित्राला तो जसाच्या तसा लावायचा, पण इलेक्ट्रोडच्या बिंदूंची यादी न्यायची असेल तर उलटा लावायचा. फ्लर्टचा मॅट्रिक्स तर जगाच्या निर्देशांकांत नसून त्याच्या स्वतःच्या मिलिमीटर-पद्धतीत असतो, आणि त्या दोन मूळ चित्रांशिवाय तो निरर्थक आहे. दुसऱ्या साधनात न्यायचा तर सी३डीचे अफाइन टूल वापरून, दोन्ही चित्रे देऊन रूपांतर करा.

रिसॅम्पलिंग एकदाच. मधले ट्रान्सफॉर्म गुणून एक करा आणि मूळ डेटाला लावा. प्रत्येक इंटरपोलेशनने चित्र थोडे पुसट होते. सीटी आणि पेटला लिनिअर ठेवा. स्प्लाइनमध्ये हाडाच्या आणि धातूच्या कडेला उणे-अधिक लाटा येतात, आणि पेटमध्ये ऋण मूल्ये दिसू लागतात. लेबल आणि मास्कला निअरेस्ट नेबर. सीटीच्या बाहेरच्या रिकाम्या जागेत ० नाही, उणे १०२४ भरा. ० म्हणजे पाणी, आणि डोक्याभोवती पाण्याचा ठोकळा तयार झाला की पुढची थ्रेशोल्डची पायरी कोसळते.

शस्त्रक्रियेनंतरचे स्कॅन हा वेगळा प्रकार. कवटी उघडल्यावर मेंदू सरकतो, कधी सेंटिमीटरपर्यंत, आणि आत हवा शिरली असेल तर कपाळाकडचा भाग मागे ढकलला जातो. अशा सीटीला आधीच्या एमआरशी जुळवताना कवटीवर बसवायचे की मेंदूवर, हे आधी ठरवा. इलेक्ट्रोड गाभ्याजवळ असतील तर मेंदूस्तंभ आणि खोल केंद्रकांभोवती मास्क लावून, पूर्ण डोक्याच्या रिजिड जुळवणीनंतर दुसरी स्थानिक रिजिड जुळवणी करा. हवेचा भाग आणि हाडाचा काढलेला तुकडा मास्कमधून वगळा. कॉर्टेक्सवरच्या ग्रिडसाठी हे पुरत नाही. तिथे मेंदू कवटीपासून खाली गेलेला असतो, म्हणून इलेक्ट्रोड एमआरमधल्या कॉर्टेक्सच्या पृष्ठभागावर वेगळ्या पायरीने प्रक्षेपित करावे लागतात. आणि गाठ काढून पोकळी झाली असेल, मेंदूचा मध्यभाग एका बाजूला सरकला असेल, तर आपोआप मिळालेले उत्तर फक्त सुरुवात समजा. ज्या जागी निर्णय घ्यायचा आहे तिथल्या दोन-तीन खुणा न्यूरोसर्जन किंवा रेडिओलॉजिस्टने स्वतः पाहिल्याशिवाय तो ट्रान्सफॉर्म पुढच्या पायरीकडे जाऊ देऊ नका.